आईची झोप आणि कॉम्प्युटरचा पंखा

वाचकहो, कॉम्प्युटरला ताप चढतो असे कुणी सांगितले तर तुम्ही हसाल. पण विहिरीवरची मोटार तापते, ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधले पाणी उकळते, दुपारच्या उन्हात मोबाइल बंद पडतो, हे तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे. जिथे वीज खर्चून काम होते तिथे उष्णता आलीच. ती बाहेर घालवली नाही तर यंत्र जळते, आणि यंत्र जळाले की खिशाला चाट बसते. आमच्या घरात अशाच एका तापाने मोठे रामायण घडवले. त्यापायी आमची ऐंशी वर्षांची आई वाकळ काखेत मारून वस्तीवर झोपायला निघाली होती आणि मुलगा-सून पुण्याला खोली बघायच्या गोष्टी बोलू लागले होते. त्याची हकिगत आज तुम्हाला सांगतो. तुमच्याही घरात आज ना उद्या कॉम्प्युटर येणार आहे, कदाचित आलाही असेल.

मंद्रूप हे आमचे गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. वडकबाळच्या पुलावरून सीना ओलांडली की थोड्या वेळात गाव लागते. पुढे भीमा आणि भीमेपलीकडे कर्नाटक, म्हणून आमच्या बाजारात निम्मे बोलणे कानडीत चालते. जमीन काळी, ज्वारीची. पाणी असेल तिथे ऊस आणि कांदा. उन्हाविषयी काय सांगावे? एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि रात्री बारा वाजेपर्यंत भिंती तापलेल्याच असतात. जुन्या लोकांनी जाड भिंतींची, मातीच्या धाब्याची माळवदे बांधली ती उगाच नव्हेत. आम्ही पुढच्या बाजूला स्लॅब टाकला, तो दिवसभर तव्यासारखा तापतो. मागचा सोपा मात्र अजून माळवदाखाली आहे आणि घरातली तेवढीच एक खोली उन्हाळ्यात गार असते. साहजिकच आईचे अंथरूण तिथे आणि सूनबाईचा कॉम्प्युटरही तिथेच. गार जागा एक आणि गरजू दोन, तिथून भांडणाला सुरुवात झाली.

सूनबाईचे काम आधी सांगायला हवे. लग्नाचे चित्रण करणारे फोटोग्राफर दोन दोन दिवसांचे कच्चे चित्रण आणून देतात. त्यातले नको ते कापायचे, हळदीपासून पाठवणीपर्यंत नीट जोडायचे, रंग सारखे करायचे, गाणी घालायची आणि दोन-तीन तासांचा गोळीबंद सिनेमा तयार करून द्यायचा. हे शिक्षण तिने लग्नाआधी घेतले होते. सोलापूरचे काही फोटोग्राफर आणि विजापूरचा एकजण तिला काम देतात. दिवसा धारा, भाकरी, पोराची शाळा आणि वेळेला खुरपणही, म्हणून कॉम्प्युटरपुढे ती बसते रात्री दहाला आणि उठते दोनला. ज्या वर्षी पावसाने दगा दिला त्या वर्षी बोअरच्या मोटारीचा हप्ता तिच्या या कामातून गेला. तेव्हा हे हौसेचे काम नाही, एवढे तुमच्या ध्यानात आले असेल.

चित्रण हल्ली मोठ्या कॅमेऱ्यावर होते. जुन्या कॉम्प्युटरला ते झेपेना, म्हणून मुलाने सोलापुरातून वापरलेले एक ग्राफिक्स कार्ड नऊ हजाराला आणून बसवले. काम खरोखरच झपाट्याने होऊ लागले. आधी रात्रभर चालणारे काम दीड-दोन तासात. पण कार्डाबरोबर आवाजही घरात आला. सिनेमा शेवटी एकत्र बांधायला लावला की कार्डावरचे दोन चिमुकले पंखे सू सू करीत वर चढत, मग खाली येत, पुन्हा वर. आई पहिल्या रात्री उठून बसली आणि म्हणाली, “रातभर कोण दळण दळूलालंय गं?”

चार दिवस हसण्यावारी गेले. नंतर आई दिवसा पेंगू लागली, जेवण कमी झाले, रक्तदाबाची गोळी घेऊनही डोके धरते म्हणू लागली. मुलगा म्हणाला, कॉम्प्युटर शेतातल्या पत्र्याच्या खोलीत नेऊ. तिथे दुपारी हात लावू तिथे चटका बसतो आणि रात्री दोन वाजता सूनबाईने तिथून एकटीने यायचे? ते मला पटले नाही. मग पुण्याचा विषय निघाला. सूनबाईचा भाऊ तिकडे असतो, खोली बघून देतो म्हणाला. हे आईच्या कानावर गेले आणि एका संध्याकाळी तिने वाकळ उचलली. “पोरगी राबूलाली रातचं, तिला का घालवताव? मीच जाते वस्तीवर,” म्हणाली. तिला दारातून परत आणायला मला आणि पोराला दोघांना लागावे लागले.

आता हे कार्ड म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे नीट कळेल. पडद्यावर दिसणारे चित्र ठिपक्यांचे असते. चांगल्या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० असे २०,७३,६०० ठिपके असतात आणि सिनेमात अशी २५ चित्रे एका सेकंदात पुढे सरकतात. म्हणजे दर सेकंदाला पाच कोटींहून जास्त ठिपक्यांचा रंग ठरवायचा. कॉम्प्युटरचा मुख्य मेंदू हुशार खरा, पण तो एकट्या पैलवानासारखा. मोठे ओझे उचलेल, पण चार एकर रान खुरपायला त्याला लावले तर पंधरवडा घालवील. त्याला पन्नास बायकांची टोळीच हवी. ग्राफिक्स कार्ड ही ती टोळी. छोटे छोटे हिशेब करणारे शेकडो, हजारो गणक एका चिपेवर एकाच वेळी ओळीने काम करतात. मात्र टोळी मोठी म्हटल्यावर तिला शिदोरीही मोठी लागते. आमच्या कार्डाला भर कामात सव्वाशे वॅट वीज लागते, आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. जुने साठ वॅटचे दोन पिवळे दिवे काडेपेटीएवढ्या जागेत कोंबले तर जे होईल ते तिथे होते.

पूर्वी असे नव्हते. १९९० च्या दशकात मधल्या काळापर्यंत या कार्डांवर पंखाच नसे, चीप उघडी असे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एनव्हिडिया कंपनीने जीफोर्स २५६ नावाचे कार्ड काढले, त्यावर छोटा पंखा आला. पुढे काम वाढले, वीज वाढली, पंख्याचा वेग वाढला. २००३ मध्ये याच कंपनीच्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या कार्डाचा पंखा इतका गाजला की जगभरच्या लोकांनी त्याला केस वाळवायचे यंत्र म्हणून हिणवले, आणि कंपनीनेही त्यावर स्वतःच विनोदी चित्रफीत काढून हसून घेतले. साधारण त्याच काळात मूळ पंखा काढून त्या जागी शांत पंखा बसवायची सोय विकणारे उद्योग निघाले. कोरियात झालमन, स्वित्झर्लंडमध्ये आर्क्टिक, पुढे ऑस्ट्रियात नॉक्टुआ. २०२१ मध्ये तर आसुस या कार्ड बनवणाऱ्या कंपनीने नॉक्टुआचे मोठे पंखे कारखान्यातच बसवून कार्ड विकायला काढले. गिऱ्हाइकांनी वीस वर्षे घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन जे केले ते शेवटी कारखान्याला करावे लागले. असे शेतीच्या अवजारातही होते. लोहाराने नांगराला केलेली सुधारणा पुढे कंपनी आपल्या नावावर विकते. असो.

आवाज का होतो, हे समजून घेण्यात मला सगळ्यात गोडी वाटली. वाऱ्याचा हिशेब असा आहे. त्याच घडणीचा पंखा आकाराने दीडपट केला, म्हणजे ८० मिलिमीटरचा १२० केला, तर तेवढ्याच फेऱ्यात तो दीडपट वारा देत नाही, सव्वातीन पटींहून जास्त देतो. कारण वारा लांबी-रुंदी-खोली अशा तिन्ही बाजूंनी वाढतो. म्हणजे तेवढाच वारा पाहिजे असेल तर मोठ्या पंख्याला तिसऱ्या हिश्शाने फिरले तरी पुरते. आणि आवाजाचे गणित याहून गमतीचे. पंख्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरला की आपल्या कानाला तो निम्मा झाल्यासारखा वाटतो. उफणणीला उभी राहिलेली बाई मोठे सूप हळू आणि सावकाश हलवते, त्यात सगळा भुसा उडतो. पोराच्या हातात लहान सुपली दिली तर ते फडफड फडफड करून दमते आणि दाण्यात भुसा राहतोच. कार्डावरचे मूळ पंखे म्हणजे त्या सुपल्या. कार्ड पातळ राहावे, डब्यात मावावे म्हणून कारखानदार लहान पंखे लावतो आणि मग त्यांना गरागरा फिरवतो.

सुरातही फरक आहे. नऊ पात्यांचा पंखा मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेतो तेव्हा सेकंदाला साडेचारशे वेळा पाते हवेला मारते. त्याचा सूर निघतो तो डासासारखा कानात शिरणारा. सात पात्यांचा मोठा पंखा नऊशे फेऱ्यांनी फिरला तर सेकंदाला एकशे पाच वेळाच मारतो. तो घुमतो. आणि आईची खरी तक्रार तर मला फार उशिरा नीट ऐकू आली. ती म्हणत होती, “एकसारखं वाजलं तर वाजू दे की. ते मधीच थांबतंय, मधीच ओरडतंय.” गिरणीशेजारी राहणारी माणसे गिरणी चालू असताना घोरतात आणि बंद पडली की जागी होतात, हे तुम्हीही पाहिले असेल. चढ-उतार हा झोपेचा शत्रू. म्हणून नुसता आवाज कमी करून भागणार नव्हते, तो एकसारखाही करायला हवा होता.

त्यात मंद्रूपचे ऊन. पुस्तकात, जाहिरातीत कार्डाचे जे तापमान छापतात ते वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत मोजलेले असते. खोली पंधरा अंशांनी जास्त गरम असली तर कार्डही तेवढेच पंधरा अंश जास्त तापते, याला कुठला पंखा काय करणार? पंखा हवा आणून घालतो, हवेला गार करीत नाही. आमच्या सोप्यात मे महिन्याच्या रात्री दहा वाजता ३६ अंश होते, पंखे मिनिटाला २९०० फेऱ्या मारत होते आणि तरी कार्ड ८३ अंशांवर होते. हे आकडे कॉम्प्युटर स्वतःच पडद्यावर दाखवतो, ते पाहायची छोटी सोय फुकट मिळते. सूनबाई आठ दिवस हे आकडे वहीत लिहीत होती. दुधाची नोंद ठेवतो तशी.

पहिला उपाय बिनपैशाचा केला. मोटारीवर पूर्ण दाब देऊन पाणी खेचण्यापेक्षा व्हॉल्व्ह जरा आवरून चालवले की वीज वाचते आणि मोटार थंड राहते, तसे या कार्डाला विजेची मर्यादा घालता येते. सव्वाशेऐवजी शंभर वॅटच घे, असे त्याला सांगता येते. कामाचा वेग थोडाच उतरतो, कारण शेवटचा चढ चढायलाच सगळ्यात जास्त वीज जाते. दोन तासांचे काम आठ-दहा मिनिटे जास्त चालले. तापमान सहा अंशांनी उतरले आणि पंख्याची किंचाळी थोडी बसली. दुसरा उपाय धूळ काढण्याचा. डबा उघडला तर आत काळ्या मातीचा थर आणि ज्वारीचे तूस. मऊ रंगाचा ब्रश आणि सायकलचा पंप एवढ्यावर काम झाले. इथे दोन गोष्टी सांगून ठेवतो. वारा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. मोकळे सोडले तर ते जोरात फिरते, बेअरिंग जाते आणि पंखा उलटी वीज तयार करतो. आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरखाली कार्ड धरू नका, त्या हवेत पाणी असते.

एवढे करूनही आईला झोप येईना. मग पंखे बदलायचे ठरले. सोलापूरच्या नव्या पेठेतून मुलाने १२० मिलिमीटरचे दोन पंखे, त्यांना जोडायची दुफाट्याची वायर, प्लॅस्टिकच्या बांधायच्या पट्ट्या, उष्णता वाहणाऱ्या मलमाची एक नळी आणि दाराला लावतात ती फोमची चिकटपट्टी आणली. सगळे मिळून सतराशे रुपये झाले. तयार कूलर सबंध बदलून मिळतो, पण त्याला चार-पाच हजार मोजावे लागतात आणि तो आपल्या कार्डाच्या भोकांवर बसेल याची आधी खात्री करावी लागते. आमच्या कार्डावरचा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा चांगला जाड होता. तो ठेवून फक्त पंखे बदलणे आम्हाला परवडणारे होते.

त्या ठोकळ्यातून तांब्याच्या दोन नळ्या गेलेल्या असतात, त्यांच्याविषयी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. नळी बाहेरून भरीव तारेसारखी दिसते, पण आत पोकळ असते. आतली हवा काढून टाकून तिच्यात थोडेसे पाणी कोंडलेले असते आणि आतल्या बाजूने वातीसारखे अस्तर. चिपेजवळचे टोक तापले की पाण्याची वाफ होते, वाफ गार टोकाकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि दिव्यातले तेल वातीतून चढावे तसे ते पाणी अस्तरातून परत गरम टोकाला येते. ना पंप, ना वीज. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी करून दाखवली आणि ती पुढे अवकाशयानातही गेली. वात आणि वाफ या दोनच गोष्टी. आपल्या देव्हाऱ्यात आणि चुलीवर त्या रोज असतात.

काम सूनबाईने स्वतः केले. मी टॉर्च धरला. कॉम्प्युटर बंद करून वायर भिंतीतून काढली, मग चालू करायचे बटण दोन-तीनदा दाबले म्हणजे आत अडकलेली वीज निघून जाते. डब्याच्या लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवली. हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर काढताना चट्चट् आवाज होतो ना, तेवढी वीजही चिपेला मारक ठरते. कार्डाचे दोन स्क्रू काढले, खालचा खटका दाबला आणि कार्ड बाहेर आले. वरचे प्लॅस्टिकचे झाकण चार स्क्रूंवर होते, ते पंख्यांसकट निघाले. प्रत्येक स्क्रू कुठला ते कळावे म्हणून तिने कागदावर कार्डाचे चित्र काढून स्क्रू त्या त्या जागी टोचून ठेवले. हे मला फार आवडले. मोटार खोलताना आम्ही सगळे नटबोल्ट एका डब्यात टाकतो आणि मग अर्धा तास शोधतो.

चीप आणि ठोकळा यांच्यामधले मलम वाळून खडूसारखे झाले होते. दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक फटी असतात, फटीत हवा असते आणि हवा उष्णता अडवते. गोधडीत ऊब राहते ती आत अडकलेल्या हवेमुळेच. ती फट भरायला मलम. जुने स्पिरिटने पुसून काढले आणि नवे हरभऱ्याच्या दाण्याएवढे लावले. जास्त लावले म्हणजे जास्त गार होते असे नाही, उलट जाड थर आडच येतो. स्क्रू आवळताना एक या कोपऱ्याचा, दुसरा समोरच्या कोपऱ्याचा, असे थोडे थोडे आवळले. ट्रॅक्टरचे चाक बसवताना करतो तसेच. मात्र चिपेच्या आजूबाजूला मऊ गाद्यांचे तुकडे असतात, ते फाटले तर त्याच जाडीचे मिळवावे लागतात. अर्धा मिलिमीटरही फरक चालत नाही. म्हणून ज्याचे कार्ड नवे आहे, हमीच्या मुदतीत आहे, त्याने ठोकळा उचलूच नये. हमी जाईल आणि गरजही नसते.

मग ठोकळ्यावर दोन मोठे पंखे शेजारी शेजारी ठेवून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधले. पंख्याच्या कडेला बाण असतो, वारा कुठे जाणार ते तो सांगतो. वारा ठोकळ्यावर यायला हवा. कडेने फटी राहिल्या तिथे फोमची पट्टी लावली, कारण पाटाला भोक असले की पाणी पिकाला न पोचता तिथूनच पळते, आणि वाराही असाच आळशी. पंख्यांची वायर कार्डात न लावता मुख्य बोर्डावरच्या चार सुयांच्या जागेत लावली आणि वेग एकच ठरवून टाकला, नऊशे फेऱ्या. ना चढ ना उतार. काम असो वा नसो, ते तसेच घुमत राहणार. हे सूनबाईचे डोके. कार्डाचा ताप पाहून पंखा कमी-जास्त करायची सोय तिने मुद्दाम टाळली, कारण आजीचे बोलणे तिने माझ्याआधी ओळखले होते.

कार्ड मात्र जाड झाले. डब्यात एका जागेऐवजी तिघांची जागा खाऊन बसले. त्याच्या टोकाखाली लाकडाची एक खुंटी कापून आधार दिला, नाहीतर वजनाने ते लोंबते.

त्या रात्री दहाला काम सुरू झाले. आम्ही सगळे सोप्यात बसून आकडे बघत होतो, जणू मतमोजणी. साठ, चौसष्ट, अडुसष्ट, आणि सत्तर-एकाहत्तरवर जे थांबले ते थांबलेच. खोलीत ३७ अंश होते. आधीच्यापेक्षा बारा अंश कमी आणि आवाज म्हणाल तर छताच्या पंख्यात विरून जाईल एवढा. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी मुद्दाम विचारले नाही. सकाळी चुलीपुढे बसून ती म्हणाली, “काल रातच्याला तुझं घोरणं ऐकू आलं बघ. किती घोरतुस रे तू!” मुलगा-सून दोघे हसत सुटले. वाकळ मात्र परत पेटीत गेली.

आता हिशेबाची दुसरी बाजूही तुम्हाला सांगितली पाहिजे. शांत पंख्याने उष्णता नाहीशी होत नाही. शंभर वॅट आधीही खोलीत पडत होते आणि आताही पडतात. म्हणून आम्ही कॉम्प्युटरचे टेबल खिडकीजवळ नेले, त्याचे तोंड आत आणि पाठ खिडकीकडे. पाण्याच्या कूलरचा झोत मात्र त्याच्यावर येऊ देत नाही. आमच्या बोअरचे पाणी क्षाराचे आहे. कूलरच्या गवतावर जो पांढरा थर बसतो तो बारीक तुषारांबरोबर यंत्रावर बसला तर तांबे खातो. अर्थिंगचा खड्डाही मुलाने नव्याने केला, मीठ-कोळसा घालून, आणि उन्हाळ्यात त्यात आठवड्याला घागरभर पाणी जाते. गावठाणातल्या जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असते. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर पंख्याचे राहू द्या, आधी वायरमनला बोलवा. आणि डबा उघडा ठेवू नका. आमच्या शेजारच्या एकाने गार राहावा म्हणून झाकण काढून ठेवले आणि आत पाल गेली. पुढचे सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, एका खेड्यातल्या घरात एवढा खटाटोप कशाला? मोठमोठ्या संस्थांनाही हेच करावे लागते. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली आणि १९९१ मध्ये तिने परम ८००० हा महासंगणक उभा केला. पुण्याच्याच आयसर या विज्ञानसंस्थेत २०१९ मध्ये परम ब्रह्म बसवला, त्यात तर चिपेपर्यंत द्रव फिरवून उष्णता काढून नेतात. त्यांच्याकडे नळ्या आणि पंप, आमच्याकडे सतराशे रुपयांचे दोन पंखे. अडचण एकच.

पुण्याच्या खोलीचा विषय त्यानंतर निघाला नाही. निघेलही कधी, पोरांचे आयुष्य आहे, मी अडवणार नाही. पण आवाजापायी घर सोडायचे कारण आता उरले नाही आणि लग्नसराईत सूनबाईकडे चार कामे जास्त आली. गावातली दोन पोरे आपापली कार्डे घेऊन तिच्याकडे आली. एकाचे कार्ड हमीत होते, त्याला तिने नुसती विजेची मर्यादा घालून दिली आणि परत पाठवले.

धुळीसाठी डब्याच्या पुढच्या तोंडावर जुन्या मच्छरदाणीची जाळी एकपदरी लावली आहे. सुती कापड लावून पाहू नका, त्यातून वारा जात नाही आणि पंखे उगाच धापा टाकतात. जाळी एरवी महिन्यातून एकदा धुतली तरी चालते, पण मळणीच्या दिवसांत दर चार दिवसांनी. या वर्षी आमची ज्वारीची मळणी होळीच्या आधी उरकली. शेवटच्या दिवशी जाळी बादलीत बुडवली तर तळाशी बोटभर काळी माती आणि तूस बसले. सूनबाईने वरचे पाणी ओतून दिले आणि ती माती तुळशीच्या बुंध्याशी टाकली.